रजनी, तुझी निळी वही माझ्याकडे आहे

रजनी,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते आधी सांगून टाकते. मला वाटलं, हिचा काहीतरी डाव आहे. सकाळचे सात वाजले होते, मी मैदानावर पोरींना पळवत होते आणि तुझ्या नवऱ्याचा फोन आला. विलासभाऊजी मला कधी फोन करत नाहीत. आदल्याच दुपारी तुझं-माझं फोनवर चांगलंच वाजलं होतं. तेव्हा मी धरून चालले की तू नवऱ्याला पुढे करून समेट घडवून आणते आहेस. ते दोनदा "रजनी गेली" म्हणाले, तिसऱ्यांदा "सकाळीच, हार्ट अटॅक" म्हणाले, तेव्हा कुठे मी गळ्यातली शिट्टी काढून ठेवली.

मेल्याच्या बातमीवरही संशय घेणारी बाई तुझी मैत्रीण असावी, हे तुझं नशीब. त्याला आज पंचवीस दिवस झाले. तेरवीला लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलत होते की मला प्रत्येकाचाच संशय येत होता. तू गोड नव्हतीस. पोरांच्या आयांना तू रडवायचीस, माझ्यासारख्या प्रशिक्षकांना दारातून परत पाठवायचीस. मी आले की आत ओरडून सांगायचीस, "आली पोलीस." तुझ्या त्या ओरडण्याची मला इतकी सवय झाली होती की तेरवीला तुझ्या घरात पाऊल टाकताना मी क्षणभर थांबले, आणि कोणीच काही बोललं नाही.

दारात चपलांचा ढीग होता. मी तिथेच उभी राहून, येणारा प्रत्येक माणूस जोडे कसे काढतो ते पाहत राहिले. ही खोड तुझी. महाल भागातल्या तुझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये मशिनं होती, टेबलं होती, रबरी पट्टे आणि मोठाले चेंडू होते, पण खरी तपासणी दारात व्हायची. तू खुर्ची अशी टाकली होतीस की पडद्याच्या फटीतून बाहेरचा बाक दिसावा. खेळाडू पोरं त्या बाकावर बसून, आपल्याला कोणी पाहत नाही अशा समजुतीत बुटांच्या नाड्या सोडायची. कोण कमरेतून सरळ वाकतं, कोण पाय उचलून गुडघ्यावर घेतं, कोण एका टाचेने दुसरा बूट ढकलून काढतं, यावरून तुझं अर्धं काम झालेलं असायचं. मग आत येऊन त्यांनी काहीही सांगितलं तरी तुला फरक पडत नसे. मला ही युक्ती फार आवडायची. मला वाटायचं, तूही माझ्यासारखीच आहेस, तुझाही कुणावर विश्वास नाही. हा माझा मोठा गैरसमज होता आणि तो जायला एका पोरीची पाठ मोडावी लागली.

समीक्षाची हकिगत तुला नवी नाही. पण माझ्या बाजूने मी ती तुला कधी सरळ सांगितलीच नाही, म्हणून आज सांगते. तू मधेच तोडणार नाहीस, हे त्यातल्या त्यात बरं.

काटोलकडची सोळा वर्षांची पोर. घरी संत्र्याचा बगीचा, रोज बसने येऊन-जाऊन माझ्याकडे भाला फेकायला शिकणारी. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून किती पोरी गेल्या, पण हात मागे नेऊन, अंगाची कमान करून भाला सोडणारी अशी पोर मी पाहिली नव्हती. राज्याच्या संघात आजवर माझी एकही मुलगी गेलेली नाही आणि दोन वर्षांनी मी निवृत्त होणार आहे. माझं सगळं या एका पोरीवर लागलं होतं. हे मी तुझ्याजवळ कधी कबूल केलं नाही. तू ओळखलं असशीलच.

मागच्या मार्चमध्ये ती भाला टाकल्यावर कंबर धरायला लागली. मी विचारायची, "दुखते का? नाही ना?" ती म्हणायची, "नाही मॅडम." आणि मी माझ्या डायरीत तिच्या नावापुढे शून्य लिहायची. पण संशय जात नव्हता. आधी वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून अंग चोरते आहे. मग वाटलं, घरचे बगीच्यात राबवून घेत असतील. मग एखाद्या मुलाचं काही आहे का, तेही पाहून झालं. तिचे वडील एकदा सहज बोलून गेले की बसमध्ये जागा असली तरी पोरगी काटोलपासून उभीच येते. मला वाटलं, बापाला शिकवून पाठवलंय. एवढे संशय घेतले, पण तिची पाठ खरंच दुखत असेल हा एक संशय मला आला नाही. उलट पाठ कच्ची आहे असं ठरवून मी तिच्याकडून मागे वाकण्याचे व्यायाम दुप्पट करून घ्यायला लागले.

असे दहा आठवडे गेले. मग तिचा भाला चांगला पाच मीटर अलीकडे पडायला लागला, तेव्हा मी तिला तुझ्याकडे घेऊन आले. पोर दुखण्याने बेजार होती म्हणून नाही, भाला अलीकडे पडत होता म्हणून. आणि येण्याआधी फोन करून तुझे कान भरून ठेवले, की पाहून घे जरा, मला तर हे नाटक वाटतं. नाटक हा शब्द तू मला फोनवर पुन्हा म्हणायला लावलास. मला वाटलं, रेंज गेली.

तू तिला आधी बाकावर पाहिलंस. मग आत घेऊन एका पायावर उभी राहून मागे वाकायला सांगितलंस. उजव्या पायावर ती नीट वाकली. डाव्या पायावर वाकताना तिने खालचा ओठ दातात धरला. तू माझ्याकडे वळून मला बाहेर बसायला सांगितलंस. मला, तिच्या मॅडमला. मी बाकावर बसून पडद्याला कान लावला, पण तुम्ही दोघी इतकं हळू बोलत होतात की काही कळलं नाही. बाहेर येऊन तू एमआरआय लिहून दिलास. साधा एक्स-रे का नाही, म्हणून मी हुज्जत घातली. तू सांगितलंस की या वयाच्या खेळाडूची कंबर इतके आठवडे दुखत असेल तर लचक म्हणून सोडून द्यायची नसते, आणि तुला ज्याची शंका येत होती ते पुष्कळदा एक्स-रेत दिसतच नाही. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, स्कॅनवाल्याशी हिचं साटंलोटं दिसतं.

स्कॅनमध्ये तडा निघाला. कमरेच्या शेवटच्या मणक्याला, मागच्या बाजूच्या बारीक हाडात, डावीकडे. पुन्हा पुन्हा मागे वाकून, पिळून, थोडा थोडा करत पडलेला. भाला फेकणाऱ्या, वेगात चेंडू टाकणाऱ्या, जिम्नॅस्टिक करणाऱ्या वाढत्या वयातल्या पोरांना असा तडा जातो, हे तू तिच्या वडिलांना हाताच्या बोटांनी मणका करून दाखवलंस. वेळेवर थांबलं तर बहुतेकदा जुळतो, असंही सांगितलंस. तीन महिने भाला नाही, पळणं नाही, उड्या नाहीत. पण खाटेवर पडूनही राहायचं नाही, हे तू दोनदा बजावलंस. चालायचं, शाळेत जायचं, पोटाचे नि कुल्ल्यांचे व्यायाम सांगितले तेवढेच करायचे. मी म्हटलं, "येवढं काय वं त्यात, आपल्या वेळी त..." तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. आपल्या वेळी काय झालं होतं, हे त्या खोलीत आपल्या दोघींनाच ठाऊक होतं.

त्याच दिवशी तू तिला ही निळ्या पुठ्ठ्याची वही दिलीस. रोज सकाळ-संध्याकाळ किती दुखतं त्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. शेजारी झोप कशी झाली आणि किती चालली ते. आणि माझ्यासमोर तिला सांगितलंस की ही वही मॅडमने वाचायची नाही. मी विचारलं, काहून? तू शांतपणे म्हणालीस, "तू वाचून राहिली म्हणलं का त्याच्यात शून्यच येईन."

तेव्हापासून मला त्या वहीने घेरलं. ती दर आठवड्याला तुझ्याकडे यायची आणि तू लाल पेनाने तीत काहीतरी लिहायचीस. मला खात्री होती की तू त्या पोरीकडून माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करते आहेस. समीक्षा मैदानाच्या कडेला पिशवी ठेवून पाणी प्यायला जायची, तेव्हा दोनदा माझा हात त्या पिशवीपर्यंत गेला. मी वही उघडली नाही, पण त्यात माझा चांगुलपणा काही नव्हता. बाकीच्या पोरी पाहत होत्या.

आणि मग जुलैत मी ते केलं. जानेवारीतली निवड चाचणी डोळ्यांपुढे होती आणि तुझे तीन महिने संपता संपत नव्हते. इतवारीच्या पलीकडे एक जण नस बसवतो, पैलवानसुद्धा त्याच्याकडे जातात, असं कोणीतरी सांगितलं. मी समीक्षाला स्कूटरवर घालून तिकडे नेलं आणि रजनीमॅडमना सांगायचं नाही, असं बजावलं. त्याने तिला पालथी झोपवलं, कमरेवर गुडघा रोवला आणि डावा पाय मागे खेचला. कटकन आवाज आला. "बसली," तो म्हणाला. मी तिला विचारलं, "बरं वाटलं ना?" तिने हो म्हटलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि मी तिकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पुढच्या गुरुवारी ती तुझ्याकडे आली. तू तिला काहीही विचारलं नाहीस. बाकावर बसून तिने बूट टाचेने ढकलून काढले, ते पाहिलंस आणि तिची वही वाचलीस. मग क्लिनिक बंद केलंस आणि त्या चिकट उकाड्यात माझ्या मैदानावर आलीस. तुला लांबून येताना पाहूनच मी उत्तरं तयार करायला लागले. कोणी चुगली केली, बापाने की पोरीने, याचा तपासही मनात सुरू झाला. तू आरडाओरडा केला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू पायरीवर बसलीस, घाम पुसलास आणि म्हणालीस,

"कुठं नेलं होतं तिले, ते मी नाही विचारत. तू तिले रोज काय विचारते, ते सांग."

मी म्हटलं, "दुखते का, म्हणून विचारते. अजून काय विचारू?"

"अन् त्याच्यामागं नाही ना, म्हणते. छाये, दुखते का म्हणलं का पोट्टी तुझं तोंड पाहते. तुले जे पाहिजे ते सांगते. किती दुखते, असं विचारून पाह्य ना एकदा. मले बी त्या वेळी किती म्हणून कोणीच नाही विचारलं."

त्या वेळी म्हणजे कधी, हे मला विचारावं लागलं नाही.

आपण बारावीत होतो. रिलेच्या संघात मी तिसरी, तू शेवटची, आणि कर्णधार मी. तू अडथळ्यांची शर्यतही धावायचीस आणि दोन महिन्यांपासून कंबर दुखते म्हणत होतीस. स्पर्धेच्या सकाळी सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की रजनीचं दुखणं खरं आहे का. तू नसतीस तर आपण हरलो असतो आणि मला ते प्रमाणपत्र हवं होतं. मी म्हटलं, नाटक करते सर. मग सर तुझ्याकडे गेले आणि म्हणाले, "दुखते का गा? नाही ना?" सर मुलींशीही मुलांसारखंच बोलायचे. तू आधी माझ्याकडे पाहिलंस आणि मग म्हणालीस, "नाही सर." आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी तुला उठून बसता येईना. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तुला सहा महिने फळीवर झोपवून ठेवलं, वर कमरेला पट्टा. त्यानंतर तू पुन्हा कधी अडथळा ओलांडला नाहीस. आणि त्या प्रमाणपत्रावर मला ही नोकरी लागली.

मी सरांना जे सांगितलं ते तू ऐकलं होतंस का? आपल्यात दहा पावलांचं अंतर होतं. वारा तुझ्याकडे होता की माझ्याकडे, हे आठवायचा मी किती प्रयत्न केला. पस्तीस वर्षं मी तुझ्याकडे या एकाच संशयाने पाहत आले. तू माझ्या मुलीच्या बारशाला चांदीचं पैंजण आणलंस, तेव्हा वाटलं, हिला माहीत नसावं. तू माझ्या पोरींना महिना महिना मैदानाबाहेर बसवायचीस, तेव्हा वाटलं, हिला सगळं माहीत आहे आणि ही वसूल करते आहे. जुलैच्या त्या दुपारी पायरीवर मी हे बोलायला हवं होतं. तू माझ्यासाठी जागा करून दिली होतीस. मी म्हटलं, "चहा घेते का?" तू घेते म्हणालीस. आपण टपरीवर उभ्याने चहा घेतला, तू मला कोथिंबिरीची एक सांबारवडी खायला लावलीस आणि क्लिनिक उघडायला निघून गेलीस.

त्यानंतर तू तिला ज्या चिकाटीने उभं केलंस, त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. मानायचे असतात हे मला सुचलंच नाही. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले गेले. पाठीवर पडून कंबर उचलणं, चारी हातापायांवर येऊन एक हात नि एक पाय लांब करणं, मांड्यांच्या मागच्या आवळलेल्या शिरा मोकळ्या करणं. पाहणाऱ्याला झोप यावी असले व्यायाम. मला वाटायचं, यात कसला खेळाडू तयार होतो. पण समीक्षा बसमध्ये बसून यायला लागली. ऑक्टोबरच्या शेवटी दुसरा स्कॅन झाला आणि हाड जुळलं होतं. तू तिला आधी जागेवर उभं राहून हलका चेंडू फेकायला दिलास, मग दोन पावलांवर भाला, मग पाच.

तरी ती मधेच आज थोडं दुखतं म्हणायची, तुला. मला नाही. माझा जुना संशय फणा काढून उभा राहिला. हाड जुळलं आहे, स्कॅन चांगला आहे, मग आता हे काय? तू हसून म्हणालीस, "चोर पकडला तरी कुत्रं महिनाभर भुंकतच राहते ना. त्याच्यावर ओरडशील त अजून भुंकीन." मग मला नीट समजावलंस की इतके दिवस दुखलेलं अंग धास्तावलेलं असतं. म्हणून आकडा पाहायचा आणि चालायचं. दोनपर्यंत असला तर भाला फेकू दे. तीन ते पाच असला तर त्या दिवशी भाला नाही, बाकीचं सगळं कर. त्याच्या वर गेला तर मला फोन. मी हे डायरीत उतरवून घेतलं आणि आकडा मात्र तुझ्याकडेच राहिला.

आपलं शेवटचं बोलणं याच्यावरच झालं. चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. मी फोन करून विचारलं, उतरवू का तिला? तू म्हणालीस, "मले काहून विचारते? त्या दिवशी सकाळी तिले विचार. दोनच्या वर असन त नको उतरवू." मी भडकले. मी म्हटलं, तुला अंगावर काही घ्यायचं नाही. उद्या पाठ पुन्हा गेली तर मॅडमने उतरवली म्हणून तू मोकळी, आणि नाही उतरवली तर पोरीचं वर्ष मी बुडवलं. तू मग म्हणालीस, "छाये, तू माणूस आहे का पोलीस ठाणं?" आणि फोन ठेवून दिलास. माझ्यासाठी तुझे शेवटचे शब्द हेच. कोणाला सांगायचीही सोय नाही.

तेरवीच्या दिवशी विलासभाऊजींनी ही वही माझ्या हातात दिली. तुझ्या टेबलावर सगळ्यात वर तीच होती म्हणाले, पोरीची आहे, पोरीला द्या. मी स्कूटर चौकाच्या अलीकडे कडेला लावली आणि हेल्मेटसुद्धा न काढता पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मी माझं नाव शोधत होते. मार्च-एप्रिलचे आकडे तू तिच्याकडून आठवून लिहून घेतले होतेस. मी शून्य लिहिलं त्या दिवसांपुढे पाच होतं, सहा होतं, एकदा आठ होतं. नस बसवली त्या तारखेपुढे नऊ, आणि तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "मॅडमना नाही म्हणता आलं नाही." त्याखाली तुझ्या लाल पेनाने काय असेल, म्हणून मी ती ओळ आधी बोटाने झाकली. तू लिहिलं होतंस, "आज चालू नको. कंबर शेकून झोप. आकडा खरा लिहिलास, शाबास." माझ्याबद्दल एक अक्षर नाही. अख्ख्या वहीत नाही. साधी शिवीसुद्धा नाही.

तिथे रस्त्यावर मला रडू आलं आणि रागही आला. तू पडद्याच्या फटीतून पाहायचीस ते पोरं खोटं बोलतात म्हणून नाही, त्यांना खरं सांगायला कोणी जागा ठेवलेली नसते म्हणून. मी मात्र प्रत्येकीवर संशय घेत गेले, आणि प्रत्येकीने मला शून्य सांगितलं. सव्वीस वर्षांच्या डायऱ्या माझ्या कपाटात आहेत. त्यांतलं एकही शून्य खरं आहे की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही.

एवढं कळूनही मी वही समीक्षाला लगेच दिली नाही. आठ दिवस ती माझ्या कपाटात राहिली. ती वाचल्याचं तिला कळेल, याची भीती. माणूस असं एका दिवसात सुधारत नाही.

मागच्या रविवारी चाचणी होती. सकाळी थंडी होती, पोरी स्वेटर घालून अंग गरम करत होत्या. कुंपणापलीकडे समीक्षाचे वडील उभे होते. मी तिला झाडाखाली घेऊन गेले आणि वही तिच्या हातात दिली. मी ही वाचली आहे, सगळी, असं सांगितलं. तिने मान खाली घातली. मग मी विचारलं,

"किती?"

ती माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. काय सांगितलं तर चालेल, हे माझ्या चेहऱ्यावर शोधत होती. तू बारावीत माझ्याकडे पाहिलं होतंस, तशीच. मला कळेना चेहरा कसा ठेवायचा, म्हणून मी पाठ फिरवून उभी राहिले.

मागून ती म्हणाली, "चार."

आणि मग हळूच, "रजनीमॅडम गेल्यापासून चारच आहे. वही नव्हती. कोणाले सांगू, समजून नव्हतं राहिलं."

माझ्या पर्समध्ये दुखणं दबवायच्या गोळ्यांचं पाकीट होतं. मी ते सकाळी घरून आठवणीने घेतलं होतं, तुझ्यापासून काय लपवू. एक गोळी, अर्धा तास, आणि तिने त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे भाला टाकला असता. याची मला आजही खात्री आहे. मी टेबलापाशी गेले आणि यादीतलं तिचं नाव खोडायला सांगितलं. तिथे बसलेल्या गृहस्थांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कंबर दुखते. ते हसले आणि म्हणाले, "नाटक त नाही ना मॅडम? पोट्ट्या ऐन वेळी घाबरतात."

मी म्हटलं, "मी विचारलं तिले."

एवढंच म्हटलं. पस्तीस वर्षांपूर्वी ते म्हणायला मला दोन सेकंदही लागले नसते.

समीक्षा रडली. वडीलही थोडे रडले, मग तेच तिला म्हणाले की वर्षभरात पुन्हा चाचणी होतेच. ती घरी गेली नाही. दिवसभर मैदानात थांबून दुसऱ्या मुलींचे भाले आणून देत राहिली आणि प्रत्येक वेळी गुडघ्यात वाकून, तू शिकवलं तसं, उचलत राहिली. काल तिचा आकडा दोन होता. हे मला ठाऊक आहे, कारण रविवारी जाताना तिने वही पुन्हा माझ्या हातात दिली. रोज ती संध्याकाळी आकडा लिहून मला दाखवते. तुझ्यानंतर कोणाकडे जायचं, ते पाहते आहे. दोन-तीन ठिकाणी चौकशी केली, आणि प्रत्येकाच्या दाराबाहेर बाक आहे का, ते मी आधी पाहून आले. तोवर लाल पेन मी वापरत नाही. ते तुझं आहे. मी पेन्सिलीने फक्त तारीख घालते.

आता तुझं आणि माझं उरलं. मी सरांना तुझ्याबद्दल नाटक करते असं सांगितलं होतं, रजनी. तू ऐकलं असशील तर ऐकलं असशील. नसशील ऐकलं, तर आता मी स्वतः सांगते आहे. माझं चुकलं. हे वाक्य मी चहाच्या टपरीवर म्हणू शकले असते, फोनवर म्हणू शकले असते, पस्तीस वर्षांतल्या कुठल्याही दिवशी म्हणू शकले असते. आणि ते म्हटल्यावरही एक गोष्ट उरतेच, जी तुला कोणीच विचारली नाही, मीही नाही. सर त्या सकाळी तुझ्यासमोरून निघून गेल्यावर तू बूट बांधायला खाली बसलीस आणि बराच वेळ उठली नाहीस. मी तिथेच उभी होते, पाहत होते.

किती दुखून राहिलं होतं वं तुले?